भुजलीचं नाव

छत्तीस वर्षं धुरपतानं एक नाव तोंडातून काढलं नव्हतं. नवऱ्याचं म्हणाल, तर येनटोल्यातली कोणतीच म्हातारी ते घेत नाही, त्यात काय मोठं? हे नाव होतं मैत्रिणीचं. आणि मैत्रीण तरी कशी, तर भुजली.

ज्यांच्याकडे हा रिवाज नाही त्यांना सांगावं लागेल. श्रावणात पळसाच्या द्रोणात गहू पेरतात, अंधाऱ्या खोलीत वाढवतात. उन्हाचं तोंड न पाहिलेले ते पिवळे कोंब राखीच्या दुसऱ्या दिवशी तलावात शिरवतात, म्हणजे पाण्यात सोडतात. त्यातले चार कोंब काढून एकीनं दुसरीच्या कानावर खोचायचे, दुसरीनं पहिलीच्या. झाल्या भुजल्या! मग जन्मभर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. भेटलं की "सीताराम भुजली", हाक मारायची तर "भुजली", आणि लपवाछपवी तर बिलकुल नाही. चुकून नाव निघालंच तर चार बायकांसमोर नारळ फोडायचा, की चूक माफ.

दोघी एकाच साली लग्न होऊन आल्या. एक धनलाल पटलाची बायको, पवाराघरची, तीस एकराची मालकीण, तिचं नाव मुन्नीबाई. दुसरी ही धुरपता, बटईनं, म्हणजे दुसऱ्याच्या शेतात वाट्यानं, धान करणाऱ्या हिरालालची. जात वेगळी, चूल वेगळी, पण पहिल्याच श्रावणात तलावावर कोंब खोचले गेले. एकदा धानाच्या रोवणीत पटलीणबाईच्या पायाजवळून नाग गेला. धुरपताला दिसला, तिची बोबडी वळली, तरी ओरडली काय तर, "भुजली, पाय!" नाव नाहीच! उलट पटलीणबाई एकदा जत्रेत गर्दीत हरवली तेव्हा घाबरून "धुरपता, ए धुरपता" करत फिरली होती. तिला मग नारळ फोडावा लागला आणि दोघींनी तिथेच बसून खोबरं खाल्लं. हसून हसून पोट दुखलं.

आता धुरपताच्या हाताबद्दल. तिचं माहेर दरेकशाकडचं. बाप बकाराम मातीच्या भिंती घालायचा, पोरगा नव्हता, म्हणून विद्या पोरीच्या हातात आली. मातीची भिंत म्हणजे चिखल थापला आणि झालं, असं ज्याला वाटतं त्यानं एक घालून दाखवावी. तलावाचा गाळ, शेताची माती, त्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, कापून टाकायची, आठ दिवस कुजू द्यायची, पायानं तुडवायची. वीतभर उंचीचा एक थर घालायचा आणि हात जोडून पाच दिवस थांबायचं. घाई केली की भिंत पोट सोडते. माती चांगली की नाही हे पाहायला बकाराम तिचा गोळा करून लोट्यातल्या पाण्यात रात्रभर ठेवायचा. सकाळी गोळा तसाच, तर माती खरी. आणि जिथं पाणी लागणार तिथं हिरड्याचं पाणी घालून माती मळायची, तळहातानं नाही तर मुठीच्या हाडांनी दाबायची. हे शेवटचं गुपित बकारामनं पोरीला सांगितलं आणि बजावलं होतं, "हे कोनाले सांगू नोको." धुरपतानं पाळलं. फक्त भुजलीला सांगितलं. भुजलीपासून लपवायचं तरी कसं?

सौंदडहून आत गेलं की येनटोला येतो. तिथली शाळा तेव्हा टिनाची होती. उन्हाळ्यात भट्टी, आणि पावसाळ्यात टिनावर असा कडकडाट की मास्तरांना पाढे बंद ठेवावे लागत. २००४ साली धान निघाल्यावर गोंदियाजवळच्या मुर्रीचा टिकेश नावाचा पोरगा गावात आला. नागपुरात इमारतींचे नकाशे काढायचं शिकला होता, एका संस्थेनं त्याला शाळा बांधायचं काम दिलं होतं. म्हणाला, सिमेंट कमीत कमी वापरू, गावाची माती, गावचा बांबू, छपराला गावचे कवेलू. अशी शाळा करू की पंखा लागणार नाही, आणि छपरावरचं पाणी टाक्यात जमा होईल. लोक एकमेकांकडे पाहायला लागले. शहरातून शिकून आला आणि मातीच्या गोष्टी करून राहिला!

त्यानं नकाशा पसरला. सगळ्यांनी माना डोलावल्या. धुरपतानं तेवढा प्रश्न केला.

"भाऊ, हे भिंत कोनत्या वर्षी पाडाची हाये?"

टिकेश गोंधळला. "काऊन, काकी?"

"छपराची पागोळी भिंतीच्या पायाशीच पडून राहिली. मातीची भिंत वरतून नाई मरत, पायातून मरते. छप्पर दोन हात बाहेर काढ. अन मागं तलावाची पाळ हाये, तिकडचं सारं पानी उतरून शाळेच्या मागं येते. त्याले वाट दे."

दुसरा कोणी असता तर नाक मुरडलं असतं. या पोरानं खोडरबर काढलं. छप्पर वाढलं, चारही बाजूंनी सपरी, म्हणजे पडवी, निघाली, आणि मागच्या भिंतीपासून हातभर लांब एक वरून झाकलेली दगडी मोरी आली, पाळीचं पाणी शेताकडे नेणारी. मोरी बांधली त्या दिवशी धुरपता सगळ्या बायकांना म्हणाली होती, "हे मोरी म्हंजे शाळेचा जीव हाये. हे बुजली का भिंत गेली समजा." तिच्या शेजारी भुजली उभी होती. चिखलानं कोपरापर्यंत माखलेली, पटलाची बायको असून.

डिसेंबर ते मे भिंती चढत राहिल्या. सारं गाव राबलं. खिडक्या खाली, पहिलीतलं पोर बसल्या बसल्या बांध्यांतलं धान पाहील इतक्या खाली. कवेलूंचे दोन थर, खाली बांबू. आतून छुईचा, म्हणजे पांढऱ्या मातीचा, पोत. जूनमध्ये पोरं आत शिरली, तेव्हा एक पोरगा भिंतीला गाल लावून उभाच राहिला, थंड लागते म्हणून. भुवनेश्वर मास्तरांनी पुढं कधी पंखा मागितला नाही. त्याच दिवशी बायकांनी शब्द दिला, की दरवर्षी अक्षय तृतीयेनंतर घरटी एक बाई एक दिवस येईल आणि शाळा छाबून, मातीनं लिंपून काढेल. मातीच्या भिंतीला वर्षाचा एक हात लागतोच. सगळ्यांत आधी शब्द भुजलीनं दिला.

पन्नाशीला टेकलेली धुरपता शनिवारी सपरीत बसून अक्षरं शिकायला लागली. मास्तर म्हणाले, आधी तुमचं नाव लिहा. ती म्हणाली, नाई, आधी दुसरं शिकवा. आणि ते नाव तोंडानं तर सांगता येईना! शेवटी तिनं पटलाच्या वाड्याकडे बोट केलं, तेव्हा मास्तरांना समजलं. बोलता येत नाही, पण लिहायला कोणी मनाई केली? पुढच्या उन्हाळ्यातल्या पहिल्याच छाबणीत मागच्या भिंतीच्या पायाशी, ओल्या पोतात, तिनं बोटानं चार अक्षरं काढली. भुजलीला ओढत नेऊन दाखवली. ती तोंडाला पदर लावून हसत सुटली, "पागल झाली का वं तू!" मग दरवर्षी जुनं बुजायचं आणि धुरपता नवं लिहायची.

२००७ साली सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि भुजली सरपंच झाली. नवऱ्याच्या हातातली बाहुली बिलकुल नाही हं! स्वतः बोलायची, साहेबाच्या टेबलावर हात आपटायची. गावात नळ आले, रस्ता आला. धुरपताला अभिमान वाटायचा. कोणी सरपंचबाईला बोल लावला तर ही भांडायला जायची.

खटकलं ते दोन वर्षांनी. सौंदडला शाळांचे खेळ झाले. भुजलीची नात रिंकी कबड्डी खेळून रडत घरी आली. बाकीची पोरं म्हणाली म्हणे, "मातीवाले आले, मातीवाले आले." आणि शेजारच्या गावात स्लॅबची शाळा उभी राहिली, दारात काळा चकाकणारा दगड, त्यावर तिथल्या सरपंचाचं नाव सोनेरी अक्षरांत. भुजली उद्घाटनाला गेली होती. परत आली तरी तो दगड तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. रस्ता होतो, नळ होतो, पण त्यावर नाव कुठं लिहिता येतं? शाळा मात्र आधीच झाली होती, आणि त्या शाळेचं नाव लोक काढायचे तेव्हा म्हणायचे, धुरपताची शाळा. हे कुणाच्या मनात किती खोल रुतेल, धुरपताला काय माहीत!

"भुजली, लोकाईले आता स्लॅब पायजे," एक दिवस ती बोललीच.

"स्लॅबात पोरं भाजतीन ना वं."

"पंखे लावू."

"अन लाईन गेल्यावर?"

भुजली हसली आणि दुसरा विषय काढला. तिनं जे सांगितलं नाही ते धुरपताला पुढं शेजारच्या शामकलेकडून कळलं. तालुक्याच्या कोणत्या तरी साहेबानं तिला साफ सांगितलं होतं, की चांगली इमारत उभी असताना नवी मिळत नाही. धोकादायक ठरली तर पाहू.

२०१० च्या छाबणीला फक्त शामकला आली. शामकला म्हणजे धुरपताच्या शेजारची विधवा बाई, तोंडाची फटकळ, मनाची सरळ. बाकीच्या म्हणाल्या, सरपंचबाईच म्हणतात पडणारच आहे शाळा, तर कायले हात माखायचे? दिलेला शब्द गेला तलावात. दोघींनी वीस दिवस खपून शाळा छाबली. मागच्या भिंतीला धुरपतानं नाव लिहिलं, त्या वर्षीही. राग होता, पण राग भुजलीवर कसा काढायचा?

भादवा तोंडावर होता. चार दिवस झड लागलेली. पोळ्याच्या दिवशी शाळेला सुटी, सगळे बैल सजवण्यात. तोरणाखाली बैल उभे असतानाच आवाज आला. फार मोठा नव्हता. मातीची भिंत पडते तेव्हा धडाम होत नाही, ती खाली बसते, म्हातारं माणूस बसतं तशी.

मागची भिंत गेली होती. पोरं सुटीमुळे वाचली, एवढीच देवाची कृपा. धुरपता धावत मागं गेली. गुडघाभर पाणी साचलेलं, हलतच नव्हतं. ती समजली. मोरीच्या तोंडात खांद्यापर्यंत हात घातला. वाटलं गाळ असेल, पालापाचोळा असेल, बोटांना चिखल लागेल. बोटांना लागला मातीचा गोळा, बुचासारखा बसवलेला, मुंडक्याएवढा आणि घट्ट! चार दिवस पाण्यात राहून विरघळला नव्हता. ओढून काढला, आणि पाणी धो धो शेताकडे पळालं.

ती तिथेच पाण्यात उभी राहिली. गोळ्यात तणस होती, बारीक कापलेली. हिरड्याचा वास होता. आणि वरच्या अंगाला चार खळगे, मुठीच्या हाडांचे, ओळीनं. असा गोळा येनटोल्यात दोनच हात करू शकत होते. एक हात तिचा स्वतःचा होता.

माणसाला कसं वाटत असेल अशा वेळी? शत्रूनं केलं असतं तर शिव्या देता आल्या असत्या. इथं शिवी कोणाला द्यायची? आपलेच दात, आपलेच ओठ. तिनं गोळा पदरात गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी टिकेश मुर्रीहून आला. मोरी पाहिली, भिंतीचा पाया पाहिला. म्हणाला, "काकी, कोणीतरी मोरी बंद केली होती. मी वरपर्यंत तक्रार करतो. तुमाले काई सापडलं का?"

धुरपताच्या घरी, चुलीमागं, तो गोळा होता.

"गाळ होता गा," ती म्हणाली. "गाळानं बुजली."

पाहा बापा! जन्मात जिनं मातीबद्दल खोटं सांगितलं नाही, ती बाई खोटं बोलली, तेही ज्यानं तिचं ऐकून नकाशा खोडला त्याच्याशी. तिला वाटलं, भुजली आपण होऊन बोलेल. रागाच्या भरात झालं असेल, नातीच्या रडण्यानं झालं असेल. एकदा तोंडानं सांगितलं की संपलं, मग पुन्हा भिंत घालू. एवढ्या एका आशेवर ती गोळा घेऊन पटलाच्या घरी गेली.

भुजलीनं चहा ठेवला. दोघी ओसरीत बसल्या. धुरपतानं पदर सोडून गोळा मधोमध ठेवला.

"हे काय आनलं वं, ढेकूळ?"

"तुले मालूम नाई?"

भुजलीनं गोळ्याकडे पाहिलं. त्या चार खळग्यांवर तिची नजर थांबली, धुरपतानं ती थांबलेली पाहिली.

"सांगून दे, भुजली," धुरपता म्हणाली.  "मी कोनाले नाई सांगत. टिकेशलेबी नाई सांगतलं. मले फक्त तुया तोंडून ऐकाचं हाये."

"मातीचं ढेकूळ हाये, माती काय बोलन?" भुजलीनं कपबशी पुढं सरकवली. "चहा पे. थंडा होऊन राहिला."

धुरपता चहा न पिता उठली. गोळा मात्र उचलून आणला.

मग ग्रामसभा भरली. साहेबानं कागदावर धोकादायक लिहून नेलंच होतं. टिकेश कोपऱ्यात उभा होता. सरपंचबाई उठल्या आणि किती गोड बोलल्या म्हणून सांगू! "माया भुजलीनं जीव तोडून मेहनत केली. तिचा काई दोष नाई. पन मातीच खोटी निंगाली. आपल्या पोराईचा जीव मोठा, का मातीचा हट्ट मोठा?" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. शाळा पाडली ते धुरपता गिळून बसली असती. पण माती खोटी? बकारामची माती खोटी? शामकलेनं तिला कोपर मारलं, "बोल ना वं!" काय बोलणार? टिकेशला गाळ सांगून बसली होती. आता गोळा काढला तर लोक विचारतील, इतके दिवस कुठं ठेवला होतास, आणि म्हणतील, आपलं पाप झाकायला घरी बसून घडवला असशील. तिनं टिकेशकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली आणि सभा संपायच्या आत निघून गेला. त्यानं दुसऱ्या एका गावातल्या शाळेच्या भिंतींसाठी तिला सांगून ठेवलं होतं. त्याचा निरोप आलाच नाही. त्या हिवाळ्यात गावातूनही कोणी भिंत घालायला बोलावलं नाही. लग्न झाल्यापासून हा पहिला हिवाळा, की धुरपताच्या नखांत माती नव्हती.

"चुगली नाई करत, तर निदान भांडून तरी ये," हिरालाल म्हणायचा. ती उठायची. चुलीमागचा गोळा आणायची, लोट्यात घालायची, पाणी ओतायची. सकाळी गोळा तसाच. ती तो पुसून परत ठेवायची. महिन्यातून एकदा तरी.

२०११ च्या जूनअखेर नवी शाळा उघडली. दोन खोल्या, स्लॅब, गुलाबी रंग, आणि दारात काळा दगड, त्यावर पडदा. मांडव टाकला होता. पाऊस पडला नव्हता, आत पोरं वहीनं वारा घेत होती. साहेब आले, हार झाले. नारळ फोडायची वेळ आली तेव्हा सरपंचबाईंनी माइक हातात घेतला. मोठं मन दाखवायची हौस! की मनातला काटा काढायचा होता, कोण जाणे.

"जुन्या शाळेले माया भुजलीचे हात लागले होते. तर नव्या शाळेचा नारळबी तिच्याच हातानं फुटू द्या. ये, भुजली."

सगळ्या माना वळल्या. धुरपता बायकांत मागं बसली होती. उठली. शामकलेला वाटलं घरी निघाली. पण ती पुढं आली, हळूहळू. भुजलीनं नारळ पुढं केला. धुरपतानं तो घेतला नाही. तिनं दगडावरचा पडदा ओढला आणि सोनेरी अक्षरांवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागली, मास्तरांनी शिकवलं होतं तसं, एकेक अक्षर सुटं करत.

"इ-मा-र-ती-चे उद्-घा-ट-न... स-र-पं-च..."

बोट पुढं सरकून थांबलं. ही अक्षरं ओळखीची होती. पाच वर्षं याच बोटानं ओल्या मातीत काढली होती. तिनं दगडावरून नजर काढली, भुजलीकडे पाहिलं, आणि छत्तीस वर्षांत कधी न घेतलेलं ते नाव घेतलं.

"मुन्नीबाई."

मांडवातल्या म्हाताऱ्यांनी तोंडावर हात ठेवले. कोणीतरी "अव्वा माय!" म्हणालं. साहेबांना काही समजेना, ते हसतच होते.  हातातला नारळ मुन्नीबाईनं धुरपताच्या हातात कोंबला आणि माइकपासून तोंड फिरवून हलक्या आवाजात म्हणाली, "चुकून निंगालं असंन. फोड, भुजली. चार बाया पाहून राहिल्या. फोड, म्हंजे माफ होते."

धुरपतानं नारळ दगडाखालच्या पायरीवर ठेवून दिला.

"चुकून नाई निंगालं," ती म्हणाली.

आणि मांडवाबाहेर चालू लागली. शामकला तिच्यामागं उठून गेली. नारळ शेवटी साहेबांनी फोडला.